आमचा लक्ष्या, पडद्यावरचा लक्ष्या आणि बुरशी लागलेली कॅसेट

आधीच सांगतो, मला कार्यक्रम वगैरे करायची अजिबात हौस नाही. मी मंडळाचा चिटणीस आहे तो सुद्धा मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून, आमच्यात जो मीटिंगला हजर नसतो त्याच्या गळ्यात पद घालतात. तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये चाळीच्या ग्रूपवर कुणीतरी टाकलं की येत्या १६ डिसेंबरला लक्ष्याला जाऊन वीस वर्षं होतात, आपण काहीतरी करायला पाहिजे. खाली पन्नास अंगठे, वीस हात जोडलेले, आणि शेवटी एक मेसेज, चिटणीस बघतील. झालं.

वीस वर्षं हा आकडा वाचून मी पण जरा थांबलो, कारण लक्ष्मीकांत बेर्डे गेला तेव्हा तो जेमतेम पन्नासचा होता. २६ ऑक्टोबर १९५४ चा जन्म. म्हणजे मी आता त्रेचाळीसचा, अजून सात वर्षांनी त्याच्या वयाचा होईन आणि मला अजून मंडळाचा हिशोब जुळवता येत नाही, त्याने तेवढ्या वयात काय काय करून ठेवलं.

आणि परत तो आमचा, गिरगावचा. इथल्याच गणपतीतल्या नाटकांतून त्याला नटायची चटक लागली. लहानपणी घराला हातभार म्हणून लॉटरीची तिकिटं विकली, पुढे साहित्य संघात नोकरी केली, मग 'टूरटूर' नाटक आलं आणि लोक त्याला ओळखायला लागले. संघ म्हणजे केळेवाडीतलं ते भालेराव नाट्यगृह, आमच्या चाळीपासून चालत सात मिनिटं. त्यामुळे आमच्या गल्लीतला साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस लक्ष्याबरोबर चहा प्यायलेला आहे. मी एकदा सगळ्यांचे चहा मोजले तर त्या काळात लक्ष्या दिवसाला चाळीसेक कप घेत असणार असा हिशोब निघाला. पण खोटं कुणी बोलत नाही हो, माणूस इतका आपल्यातला वाटायचा की चहा प्यायलो असणारच असं त्यांना आता खरंच वाटतं.

पहिली मीटिंग पिक्चर कुठला लावायचा यावर. पटांगणात पडदा, प्रोजेक्टर, खुर्च्या, वडापाव, साधी गोष्ट. दीड तास भांडण. एक पार्टी म्हणे 'अशी ही बनवाबनवी', दुसरं काही सुचतं तरी कसं. त्यावर दुसरी पार्टी, जी सगळी माझ्या वयाची, ती म्हणे तो आता सगळ्यांना पाठ आहे, पडदा बंद ठेवला तरी लोक बोलतील, आपण 'झपाटलेला' लावू. 'झपाटलेला' १९९३ चा, मी तेव्हा बारा वर्षांचा घोडा होतो तरी बहिणीची बाहुली माळ्यावर टाकून वर ट्रंक ठेवली होती. रामदास पाध्यांनी केलेला तो बाहुला आणि त्याला दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आमच्या अख्ख्या पिढीची झोप त्या दोघांनी उडवली. पण मोठेपणी परत बघितला तेव्हा कळलं की भीती बाहुल्याची वाटत नाही, लक्ष्याची वाटते. म्हणजे तो एवढा खराखुरा घाबरतो, एवढा घामाघूम होतो, की आपण त्याच्यामुळे घाबरतो. निर्जीव बाहुल्यासमोर असं घाबरून दाखवा एकदा, मग बोला ओव्हरअॅक्टिंग म्हणून.

तिसरी पार्टी एकट्या सरांची. सर म्हणजे पहिल्या मजल्यावरचे, शाळेतून रिटायर झालेले, मीटिंगमध्ये कायम शेवटी बोलतात. ते म्हणाले, 'एक होता विदूषक' लावा. सगळे गप्प. कारण अर्ध्यांनी बघितलेला नाही आणि बाकीच्यांनी अर्धवट बघितलाय. सर उठून उभे राहिले, जणू वर्गच. १९९२ चा पिक्चर, पटकथा पुलंची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला, आणि लक्ष्मीकांतने तमाशातला सोंगाड्या केलाय जो पुढे सिनेमात जातो आणि राजकारणात ओढला जातो. "तुम्ही लोकांनी तेव्हा काय केलंत? थेटरात जाऊन हसायला बसलात, आणि तो हसवत नाही म्हणून उठून आलात." कुणीतरी मागून म्हणालं, सर, तुम्ही पण होतात आमच्याबरोबर. सर म्हणाले, "होतो. मी पण उठलो." आणि बसले. मीटिंग तिथेच संपली, पिक्चर काही ठरला नाही.

तो ठरवायची वेळ आलीच नाही म्हणा. मी इन्शुरन्सच्या ऑफिसात काम करतो, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आधी कागद कुठला लागतो हे बघायची सवय. पिक्चर आपण घरी कितीही वेळा बघा, पण चारचौघांत पडदा लावून दाखवायचा तर ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची परवानगी लागते. पोरं म्हणाली, पेनड्राइव्हवर आहे ना, लाव की, कोण बघतंय. मी म्हटलं मंडळाच्या बोर्डावर चिटणीस म्हणून नाव माझं आहे. मग आठवडाभर फोन. एकाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने सांगितलं हक्क आता आमच्याकडे नाहीत, तिसरा ईमेल करा म्हणाला, ईमेलला उत्तर नाही, परत फोन केला तर त्याने एक आकडा सांगितला. आकडा सांगत नाही, एवढंच सांगतो की त्यात आमचे अकरा दिवस गणपती बसले असते. त्यामानाने पोलीस स्टेशनची स्पीकरची परवानगी दोन चकरांत झाली, दहाच्या आत बंद करा एवढंच म्हणाले, आणि विषय लक्ष्याचा आहे म्हटल्यावर तिथल्या एका हवालदारांनी वर मला पाच मिनिटं 'थरथराट'ची स्टोरी ऐकवली. टकलू हैवान येतो तिथपर्यंत आले आणि साहेबांची हाक आली.

तर पिक्चर रद्द. आता काय? सरच म्हणाले, लोकांना बोलायला लावा. प्रत्येकाने लक्ष्याची एक आठवण सांगायची, ती मोबाईलवर रेकॉर्ड करायची, जोडून पडद्यावर दाखवायची. म्हणजे पिक्चर आपलाच, हक्क पण आपलेच. ऐकायला सोपं वाटलं म्हणून मी हो म्हटलं.

मग दोन रविवार मी चाळीच्या चारही मजल्यांवर मोबाईल घेऊन फिरलो. नियम एकच, दोन मिनिटं. चाळीत दोन मिनिटांत कुणी नमस्कार पण करत नाही हे मी विसरलो होतो. प्रत्येक घरात चहा, चहाबरोबर चकली, दिवाळी होऊन महिना झाला होता तरी चकल्या संपल्या नव्हत्या, आणि कॅमेरा चालू केला की माणूस एकदम आकाशवाणी. "लक्ष्मीकांत बेर्डे हे एक थोर कलावंत होते." मी आपला हो हो करायचो, मोबाईल खाली ठेवल्यासारखा करायचो, पण रेकॉर्डिंग चालूच, आणि मग खरं बोलणं सुरू.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी 'हम आपके हैं कौन' लिबर्टीला चार वेळा बघितला. तो १९९४ ला लागला आणि शंभरच्या वर आठवडे तिथे हललाच नाही. आजी म्हणाल्या, "गाणी बिणी ठीक आहे रे, पण त्या घरात कुत्रा सोडला तर मनापासून काम करणारा तोच एक." तेवढ्यात त्यांची सून आतून पोळ्या लाटता लाटता बोलली, ती चिडलेलीच होती, म्हणाली मला तेच आवडत नाही, मराठीत आपला हिरो आणि हिंदीत गेला की नोकर, खांद्यावर फडकं. आजी म्हणाल्या, पण त्याला बघूनच आपली माणसं जायची ना. सून म्हणाली, हो ना, मग फडकं कशाला? या विषयावर दोघींचं जे जुंपलं ते माझ्याकडे अकरा मिनिटं आहे, कार्यक्रमात दाखवता आलं नाही, पण मला विचाराल तर मी सुनेच्या बाजूने. 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके' दोन्हीत त्याने जे केलं ते झकासच केलं, पण त्याच्याएवढ्या टायमिंगचा माणूस हिंदीत दुसरा कोण होता हे मला कुणी सांगावं.

चौथ्या मजल्यावरचे एक काका, त्यांना फक्त अशोक सराफ आवडतो. ते म्हणाले माझी आठवण घेऊ नकोस, मी अशोकमामांचा माणूस. मग वीस मिनिटं लक्ष्याबद्दल बोलले. की बघ, अशोक कसा, तो प्रसंग उचलतो, आणि लक्ष्या त्यात उडी मारतो, 'धूमधडाका' बघ, १९८५ चा, दोघं समोरासमोर आले की कोण कुणाचा चेंडू अडवतंय तेच कळत नाही. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनला मराठी पिक्चर लागायचा तेव्हा यांच्याच घरात टीव्ही, तीस-पस्तीस माणसं, दरवाज्यात चपलांचा ढीग, आणि एकदा हसता हसता कुणाचा तरी पाय लागून मोरीतली बादली सांडली आणि पाणी चपलांपर्यंत आलं तरी कुणी उठलं नाही.

चौदा वर्षांचा एक पोरगा, त्याला म्हटलं तू काय सांगणार, तुझा जन्म त्याच्यानंतरचा. त्याने मोबाईल काढून मला लक्ष्याचे सत्तावीस स्टिकर दाखवले. आई ओरडली तर हा, पेपर अवघड गेला तर हा, मैत्रिणीने ब्लॉक केलं तर हा. मी विचारलं यातला कुठल्या पिक्चरमधला कुठला माहितीये का? म्हणाला नाही, पण तोंड बघून कळतं ना.

पण खरी गंमत वेगळीच. कुणाचंही रेकॉर्डिंग घ्या, पहिलं अर्धा मिनिट पडद्यावरचा लक्ष्या, आणि मग गाडी वळणार, "पण तुला सांगतो, तुझा काका जे करायचा ना..." प्रत्येकजण. अशोकमामावाले काका पण, आजी पण, सर पण.

कारण आमच्या चाळीत एक लक्ष्या होता आणि तो माझा मोठा काका. दिसायला अजिबात तसा नाही. उंच, काळा, बेस्टमध्ये कंडक्टर. पण आवाज हुबेहूब, आणि ती मान खाली घालून डोळे वर करून बघायची लकब, आणि एक वाक्य बोलून झाल्यावर अर्धं वाक्य स्वतःशीच पुटपुटायचं ते. बसमध्ये पुढे सरका पुढे सरका हे तो लक्ष्याच्या आवाजात म्हणायचा, आणि लोक सरकायचे. डेपोत लक्ष्या, चाळीत लक्ष्या, भाजीवाल्याकडे उधारीच्या वहीत पण लक्ष्या कंडक्टर. त्याचं खरं नाव मला शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून त्याची सही घेतली तेव्हा कळलं.

आता २००४ ची १६ डिसेंबर. गुरुवार होता, मार्गशीर्षातला पहिला. काकूने घट मांडला होता, दिवसभराचा उपास, आणि काकाला पाच फळं आणि फुलं आणायला पिटाळलं होतं. तेवढ्यात लँडलाइन वाजला. डेपोतला कुणीतरी. त्याला बोलायचं होतं काकाशी, काका नाही म्हटल्यावर तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "वहिनी, ऐकलंत का, लक्ष्या गेला."

काकू तशीच खाली बसली. रिसीव्हर लोंबकळत. शेजारच्या धावत आल्या, काय झालं काय झालं, तर हिच्या तोंडून शब्द फुटेना, एकच, "हे गेले." दोन मिनिटांत गॅलरीत रडारड. कुणीतरी माझ्या बाबांना ऑफिसात फोन लावला. कुणी म्हणे बसखाली आला, कुणी म्हणे अटॅक, आणि या सगळ्यात काका जिन्यावरून वर, एका हातात केळी, दुसऱ्या हातात झेंडूचा पुडा. त्याला वाटलं शेजारची म्हातारी गेली. चेहरा पाडून हळूच आत आला आणि काकूलाच विचारलं, "कधी गेल्या?"

काकूने त्याला पिशवीतला पेरू फेकून मारला. मग दुसरा मारला. मग रडायला लागली आणि परत हसायला लागली, अख्खी गॅलरी हसायला लागली, काकाला कुणी काही सांगेना. आणि मग कुणीतरी टीव्ही लावला.

मी तेव्हा तेवीसचा होतो, संध्याकाळी घरी आलो तेव्हा काका टीव्हीसमोर स्टुलावर बसलेला, लाइट न लावता. किडनीचं दुखणं होतं म्हणे, असं काहीतरी बाबा हळू आवाजात सांगत होते. काकूचा उपास सुटला, काका काही जेवला नाही. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेला. पुढच्या गणपतीत पोरं त्याच्या मागे लागली, काका एकदा तरी पार्वती करा. तो म्हणाला, "आता नको रे, बरं दिसत नाही." परत कधीच केली नाही. २०१९ ला काका गेला तेव्हा फोन करणाऱ्यांनी मुद्दाम त्याचं पूर्ण नाव घेतलं, त्यामुळे अर्ध्या लोकांना कळलंच नाही कोण गेलं.

पार्वती म्हणजे, माहीतच आहे, 'बनवाबनवी'तली. १९८८ ला पिक्चर आला आणि १९९० च्या गणपतीत आमच्या चाळीने पार्वतीचं डोहाळजेवण स्टेजवर केलं. काका पार्वती. नेसायला काकूचा लग्नातला शालू. काकाची आवडती गोष्ट अशी की ऐन प्रसंगात तो खाली बसायला गेला आणि शालू टर्रकन फाटला, आणि काकू भर प्रेक्षकांतून ओरडली, "अहो माझा शालू!" आणि याने पार्वतीच्याच आवाजात तिथल्या तिथे उत्तर दिलं, "वहिनी ओरडू नका, मला दिवस गेलेत!" आणि दहा मिनिटं नाटक थांबलं. ही गोष्ट तो प्रत्येक लग्नात सांगायचा. आणि काकू प्रत्येक वेळी म्हणायची, काहीतरीच, मी ओरडलेच नाही, शालू कपाटात ठेवून विरला, यांना बनवून सांगायची सवय.

आता कॅसेट. कार्यक्रमाला तीन आठवडे असताना मी मंडळाच्या कपाटात एक्स्टेंशन बोर्ड शोधत होतो आणि जुन्या पावतीपुस्तकांच्या मागे, आरतीच्या झांजांखाली, एक व्हीएचएस कॅसेट. वर बॉलपेनने, 'गणेशोत्सव ९० – पूजा, हळदीकुंकू, नाटक.' माझे हातच थरथरायला लागले. खिडकीतून आत बघितलं तर टेपच्या कडेला पांढरं पांढरं, शिळ्या पावावर येते तशी बुरशी.

घाई केली, चूक माझी. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात गेलो, बाहेर पाटीच होती, जुन्या कॅसेटचं पेनड्राइव्ह करून मिळेल. चारशे रुपये, उद्या या. उद्या गेलो तर पेनड्राइव्हवर अकरा मिनिटांचा निळा पडदा आणि कॅसेटच्या तोंडातून टेप बाहेर लोंबतेय, चावून चोथा केलेली. दुकानदार म्हणाला, माल जुना आहे. मी म्हटलं जुना आहे म्हणूनच तर आणला. पैसे पण परत दिले नाहीत, मी पण मागितले नाहीत, कॅसेट छातीशी धरून चालत घरी आलो, खरं सांगतो, डोळ्यात पाणी होतं.

ऑफिसातल्या एकाने दादरच्या एका माणसाचा पत्ता दिला. रानडे रोडच्या मागे, एका जुन्या बिल्डिंगमध्ये, आधी लग्नाचं शूटिंग करायचे, आता सत्तरीचे. घरात चार व्हीसीआर एकावर एक. त्यांनी कॅसेट हातात घेतली, उलटी केली, वास घेतला. म्हणाले, "घाई असेल तर घेऊन जा." मी म्हटलं नाही.

मग त्यांनी माझ्यासमोर ती उघडली. खालून पाच स्क्रू. झाकण उचलताना अंगठ्याने ती छोटी स्प्रिंग दाबून धरली, ती उडाली की संपलं म्हणाले. आत दोन चाकं, त्यातल्या एकावर सगळी टेप गुंडाळलेली आणि कडेने बुरशीची नक्षी. ही अशीच मशीनमध्ये घातली की बुरशी हेडवर बसते, मशीन पण जातं आणि टेप पण जाते. त्यांनी मऊ फडक्याला स्पिरिटसारखं काहीतरी लावलं, दोन बोटांत टेप धरली आणि हाताने एक चाक फिरवायला सुरुवात केली. इकडून तिकडे, फडक्यातून, हळूहळू. अर्ध्या तासाने फडकं करडं झालं. दुसरं घेतलं. एकशेऐंशी मिनिटांची टेप हाताने फिरवायची म्हणजे काय, तीन संध्याकाळी गेल्या. मी ऑफिसातून थेट तिकडे जायचो आणि नुसता बघत बसायचो. चावलेला भाग त्यांनी ब्लेडने कापला, चार बोटांएवढा, आणि दोन टोकं पातळ चिकटपट्टीने मागच्या बाजूने जोडली. मी विचारलं, या चार बोटांत काय गेलं असेल? म्हणाले, "दोन-तीन सेकंद. सत्यनारायणाचा तीर्थप्रसाद असेल, काळजी नको."

चौथ्या दिवशी व्हीसीआरला लावली. आधी नुसत्या मुंग्या. मग त्यांनी ट्रॅकिंगचं बटण केसाएवढं फिरवलं आणि मुंग्यांतून आमची चाळ वर आली. कोपऱ्यात तारीख एक जानेवारी, कारण कॅमेऱ्यात ती कुणी लावलीच नव्हती. कॉम्प्युटरवर घ्यायचं तर जेवढ्या वेळाची टेप तेवढाच वेळ लागतो, फास्ट फॉरवर्ड नाही. त्यामुळे मी पूर्ण पूजा बघितली. पूर्ण हळदीकुंकू बघितलं. आई दिसली, नथ घातलेली, माझ्यापेक्षा लहान. आणि मग नाटक सुरू झालं आणि मला ब्रह्मांड आठवलं.

कॅमेरावाल्याला चाळीने सांगून ठेवलं असणार की सगळे आले पाहिजेत हां, कुणाचा चेहरा राहता कामा नये. त्या माणसाने ते मनावर घेतलं. पडदा उघडला, दोन मिनिटं स्टेज दिसलं, काकाची पाठ, पदर आणि बांगड्यांच्या वरचे केसाळ दंड, आणि मग कॅमेरा जो प्रेक्षकांकडे वळला तो वीस मिनिटं तिकडेच. काका नाहीच. फक्त आवाज, तोच, मान खाली घातल्यावर येतो तसा, आणि समोर नुसते हसणारे लोक. आजी पदर तोंडात कोंबून हसतेय. सर खुर्चीवरून अर्धे घसरलेत. बाबा, मी त्यांना असं हसताना कधी बघितलंच नाही, शेजारच्याच्या मांडीवर थापा मारतायत. मी सतरंजीवर पहिल्या रांगेत, नाकात बोट. दादरचे काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं नाटक तर राहिलं की हो शूट करायचं." मी काही बोललो नाही. माझ्याकडून बाराशे रुपये घेतले, मी पंधराशे देत होतो तर घेतले नाहीत.

सोळा तारीख सोमवारी येत होती म्हणून कार्यक्रम रविवारी पंधराला ठेवला. आदल्या दिवशी दत्तजयंती झालेली, मांडव आणि खुर्च्या होत्याच. आधी मोबाईलवरच्या आठवणी दाखवल्या, त्या छान झाल्या, स्टिकरवाल्या पोराला सगळ्यात जास्त टाळ्या. सरांनी 'विदूषक'वर दहा मिनिटं मागितली आणि पंचवीस घेतली, पण कुणी उठलं नाही यावेळी. वडापाव वाटला. माइक दोनदा बंद पडला. काकू येणार नव्हतीच, गुडघे दुखतात म्हणाली, मग पावणेनऊला स्वतःच खाली आली आणि पहिल्या रांगेत टोकाला बसली. कॅसेटचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी लावली. पडद्यावर मुंग्या, मग चाळ. आधी एकदम शांतता, आणि मग लोक एकमेकांना शोधायला लागले, ए तू बघ, अगं ही कोण, अरे बाबा बघ बाबा. जे नाहीत त्यांची नावं हळू आवाजात घेतली जात होती आणि वर पडद्यावर ते सगळे पोट धरून हसत होते. आणि स्पीकरमधून काकाचा आवाज, चाळीच्या चारही मजल्यांवर.

मग टर्रर्र. एवढं स्पष्ट की खालच्या दोन बायका दचकल्या. आणि लगेच एक बारीक, तरुण, चिडलेला आवाज, "अहो माझा शालू!"

अख्खं पटांगण मागे वळून, म्हणजे पुढे वळून, काकूकडे बघायला लागलं. काकू पडद्याकडे बघत होती. पडद्यावर सगळे एवढे जोरात हसायला लागले होते की त्यापुढे काका काय बोलला ते ऐकूच येईना. काकूने मला हाताने खूण केली. मी जवळ गेलो.

"मागे घे जरा."

घेतलं. टर्रर्र, अहो माझा शालू, हशा.

"परत."

तीनदा झालं. चौथ्यांदा ती खुर्चीत पुढे सरकून, कानाशी हात धरून बसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अरे हे पुढे काहीतरी बोलतायत. आवाज वाढव ना."

दहाला पाच कमी होती. वाढवला.